क्यूच्या मुठीवरचे चामडे

पूल खेळताना क्यूचे टोक पांढऱ्या बॉलला लागते ते सेकंदाच्या जेमतेम हजाराव्या भागापुरते. त्या आघाताची जाणीव हातातून मेंदूपर्यंत पोहोचायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. फटका बसला हे खेळाडूला कळते, तेव्हा बॉल टोकापासून सुटून आपल्या वाटेला लागलेला असतो. त्यामुळे ऐन फटक्याच्या क्षणी मूठ आवळून काहीच साधत नाही. जे साधायचे ते त्याआधी, हात मागे नेऊन पुढे आणताना साधते. एवढ्या वेळात मुठीचे काम एकच असते: क्यू निसटू द्यायची नाही आणि तिची रेषाही मोडू द्यायची नाही.

या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात. निसटू नये म्हणून मूठ आवळली की मनगट ताठरते, ताठर मनगट क्यूला किंचित पिळते आणि टोक ठरल्या जागेपासून दोन-तीन मिलिमीटर सरकते. पॉट चुकायला तेवढे पुरते. यावर तोडगा म्हणून क्यूच्या मागच्या जाड भागावर सुमारे ३० सेंटिमीटर लांबीचे चामड्याचे वेष्टन येते. त्याची जाडी असते जेमतेम एक मिलिमीटर. हात सैल ठेवूनही क्यू जागेवर राहावी, एवढ्यासाठी ते असते. हे वेष्टन गुळगुळीत झाले, चिकट झाले किंवा सुटू लागले की खेळाडू नकळत मूठ आवळू लागतो आणि दोष मात्र नेमाला देतो.

भंडारा जिल्ह्याचे नाव या खेळाशी कोणी जोडणार नाही. हा जिल्हा ओळखला जातो तो धानासाठी, तलावांसाठी आणि पितळी भांड्यांसाठी. पण क्यूच्या मुठीचा विचार करू लागले की इथली हवा, इथले जंगल आणि इथले शेत या तिन्हींशी तिचा संबंध लागतो.

चामडे क्यूवर कसे आले

क्यूवर चामडे प्रथम आले ते पुढच्या टोकाला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत क्यूचे टोक नुसत्या लाकडाचे असे. बॉलच्या मध्यावरून थोडे जरी बाजूला लागले तरी ते घसरे. फ्रेंच सैन्यातील कॅप्टन फ्रान्स्वा मिंगो यांनी तुरुंगवासात बिलियर्ड्सचा अभ्यास केला आणि १८०७ च्या सुमारास टोकाला चामड्याची चकती बसवून पाहिली. चामडे थोडे दबते, बॉलला क्षणभर धरते आणि मग सोडते. त्या क्षणभराच्या धरण्यामुळे बॉलला फिरकी देणे शक्य झाले. चामडे आणखी पकडावे म्हणून त्यावर खडू चोळायची पद्धत पडली. आज टेबलाच्या कडेला दिसणारा निळा चौकोनी खडू प्रत्यक्षात शाळेतला खडू नाही. बारीक सिलिका आणि कठीण खनिजाची पूड यांच्या मिश्रणाचे पेटंट अमेरिकेत विल्यम स्पिंक्स हा खेळाडू आणि विल्यम हॉस्किन्स हा रसायनतज्ज्ञ यांनी १८९७ मध्ये घेतले. आजचा खडू त्याच वाटेने आला आहे.

मागच्या बाजूला मात्र बराच काळ लाकूडच राहिले, आणि स्नूकरमध्ये आजही ते तसेच आहे. स्नूकरचा जन्म भंडाऱ्याच्या उत्तरेला, बालाघाट-शिवनीच्या पलीकडे असलेल्या जबलपुरात झाला. तिथल्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने १८७५ मध्ये बिलियर्ड्सच्या टेबलावर रंगीत बॉल वाढवून हा नवा खेळ मांडला. या परंपरेतली क्यू ॲश किंवा मेपल लाकडाची, मुठीला उघडी आणि टोकापाशी पितळी कडे असलेली असते. १९२२ मध्ये पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कोलकात्यात हौशी बिलियर्ड्सचे जागतिक विजेतेपद जिंकले आणि १९६४ मध्ये न्यूझीलंडमध्ये ते पुन्हा मिळवले. वैयक्तिक खेळात जगज्जेता ठरलेले ते पहिले भारतीय. मुंबईच्या मायकेल फरेरा यांनी हाच किताब १९७७, १९८१ आणि १९८३ असा तीनदा जिंकला. बिलियर्ड्समधला हा सगळा पराक्रम उघड्या लाकडी मुठीच्या परंपरेत घडला.

पूलला वेष्टन लागले, त्यामागे खेळाचा स्वभाव आहे. पूलचा बॉल ५७ मिलिमीटर व्यासाचा असतो. स्नूकरचा साडेबावन्न मिलिमीटर. पूलचा बॉल वजनानेही भारी. शिवाय पूलमध्ये डाव सुरू होतो तो रचलेल्या बॉलवर जोरदार ब्रेक मारून. चांगल्या खेळाडूच्या ब्रेकला पांढरा बॉल ताशी तीस-चाळीस किलोमीटर वेगाने सुटतो. अशा फटक्याला पॉलिश केलेली लाकडी मूठ ओल्या हातातून निसटते. म्हणून तिथे तागा गुंडाळण्याची किंवा चामडे चढवण्याची पद्धत आली. तागा घाम शोषतो आणि हाताला किंचित खरखरीत लागतो. चामडे मऊ लागते, हाताची ऊब धरते आणि जास्त टिकते. रबर व सिलिकॉनची वेष्टनेही मिळतात. त्यांची पकड घट्ट असते, पण हात जागच्या जागी किंचित सरकवायचा असेल तर ती सरकू देत नाहीत.

तळहात, घाम आणि घर्षण

मुठीतली पकड म्हणजे कातडीवर कातडी. एक जिवंत, दुसरी कमावलेली. दोन्ही मुळात कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांनी विणलेल्या, आणि दोन्हींचे घर्षण ओलाव्यावर अवलंबून. शाळेत शिकवलेला घर्षणाचा नियम असा की घर्षण दाबाच्या प्रमाणात वाढते आणि किती क्षेत्रफळ टेकले आहे याने फरक पडत नाही. त्वचेला हा नियम नीट लागू पडत नाही. त्वचा मऊ असते, समोरच्या पृष्ठभागाच्या उंचसखल भागांत शिरते, आणि जितकी जास्त टेकेल तितकी जास्त धरते. ती किंचित ओलसर असेल तर आणखी मऊ होऊन अधिक टेकते. म्हणूनच किंचित ओलसर तळहाताची पकड ठणठणीत कोरड्या तळहातापेक्षा काही पटींनी चांगली असते. पण ओलावा इतका वाढला की हात आणि चामडे यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर उभा राहिला, की तीच पकड एकदम ढासळते.

धानाच्या बांधीतून धुऱ्यावरून चालणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. मे महिन्यात धुऱ्यावरची सुटी माती पायाखालून सरकते, पहिल्या सरीनंतर तीच माती पाय घट्ट धरते, आणि रोवणीच्या दिवसांत चिखल झाला की तिथेच माणूस घसरतो. चामड्याच्या मुठीलाही मधली अवस्था हवी असते.

तळहाताची आणखी दोन वैशिष्ट्ये लक्षात ठेवण्यासारखी आहेत. एक म्हणजे तळहातावर तेलग्रंथी नसतातच. तिथे फक्त घामाच्या ग्रंथी असतात, आणि शरीरात ज्या जागी त्या सर्वांत दाट असतात त्यांपैकी तळहात ही एक. त्यामुळे चामड्यावर जो तेलकट थर साचतो तो तळहाताचा नसतो. तो कपाळाचा, केसांचा, खोबरेल तेलाचा आणि मधल्या सुटीत खाल्लेल्या आलुबोंड्याचा असतो. हात तो फक्त वाहून आणतो. दुसरे म्हणजे तळहाताचा घाम फक्त उन्हाने येत नाही, तो मनावरच्या ताणानेही येतो. वातानुकूलित खोलीत, अंग कोरडे असताना, शेवटचा काळा बॉल तेवढा उरलेला असला की तळवे ओले होतात. नेमक्या त्याच वेळी पकडीची सर्वांत जास्त गरज असते.

घाम म्हणजे जवळजवळ सगळे पाणीच. उरलेल्या अंशात मीठ, युरिया आणि लॅक्टिक आम्ल. पाणी उडून जाते, मीठ चामड्यात राहते. रोजच्या रोज मीठ साचले की चामडे कडक होते, त्याचा वरचा थर तडकू लागतो, आणि मिठाला धरून धूळ बसते.

भंडाऱ्याचे ऋतू

चामडे हवेतला ओलावा घेते आणि सोडते. कोरड्या हवेत ते आक्रसते, दमट हवेत फुगते. लाकूडही असेच वागते, पण दोघांचा वेग वेगळा. भंडाऱ्यात हा फरक टोकाचा असतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि दुपारची हवा रखरखीत कोरडी असते. जूनच्या मध्यानंतर पाऊस सुरू होतो आणि वर्षाच्या सुमारे १३०० मिलिमीटर पावसातला बहुतेक पाऊस पुढच्या साडेतीन महिन्यांत पडून जातो. वैनगंगेचे खोरे, जागोजागी तलाव आणि पाण्याने भरलेल्या बांध्या यांमुळे या काळात हवेतला दमटपणा हटत नाही.

त्यात विदर्भातल्या कूलरची भर. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कूलर खोलीत ओलावा आणतो आणि तो हाताला व चामड्याला मानवतो. पण जूनमध्ये हवा आधीच दमट असताना कूलर चालूच राहिला, की खोलीतला घाम वाळतच नाही. ज्या मुठीने मेमध्ये उत्तम साथ दिली तीच जूनच्या शेवटी घसरू लागते, याचे कारण अनेकदा एवढेच असते. या दिवसांत कूलरमधले पाणी बंद करून नुसता पंखा चालवला, तरी फरक जाणवतो.

पावसाळ्याचा दुसरा त्रास म्हणजे बुरशी. बंद पिशवीत, ओल्या हाताने ठेवलेल्या क्यूच्या चामड्यावर काही दिवसांत पांढरट-हिरवट बुरा दिसतो. उन्हाळ्यातला धोका वेगळा. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीच्या आतले तापमान ६० अंशांवर जाऊ शकते. तिथे क्यू विसरली तर चामडे कडक होते, खालचा गोंद सैल पडतो आणि लाकडालाही बाक येऊ शकतो.

हिरडा, ऐन आणि जवस

कच्चे कातडे ओले राहिले तर सडते, वाळले तर पत्र्यासारखे ताठ होते. त्याचे चामडे करायचे म्हणजे कोलॅजनच्या धाग्यांना अशा द्रव्याने बांधायचे की ते सडणार नाहीत आणि ताठही होणार नाहीत. हे काम दोन प्रकारे होते. जुन्या पद्धतीत झाडांच्या सालीतले व फळांतले टॅनिन वापरतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्रोमियमच्या क्षारांची पद्धत आली; ती झटपट होते आणि त्यातून मऊ, पाण्याला टिकणारे चामडे मिळते.

भंडारा जिल्ह्याच्या जंगलात टॅनिन देणारी झाडे भरपूर आहेत. हिरडा, बेहडा आणि ऐन ही तिन्ही एकाच वनस्पतिकुळातली, एकाच प्रजातीगटातली भावंडे. हिरड्याच्या वाळलेल्या फळात वजनाच्या सुमारे तीस टक्के टॅनिन असते, आणि चामडे कमावण्यासाठी हिरडा भारतातून परदेशी जात असे. कोल्हापुरी चपलेचे चामडेही परंपरेने बाभळीची साल आणि हिरडा यांनीच कमावतात; या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ऐनाचा उपयोग एवढ्यावर थांबत नाही. टसर रेशमाचा किडा ऐनाच्या आणि अर्जुनाच्या पाल्यावर वाढतो. मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावचे कोसा कापड त्याच रेशमाचे.

टॅनिनची एक खोड मात्र क्यू सांभाळणाऱ्याला माहीत हवी. ओल्या टॅनिनला लोखंड लागले की काळा रंग तयार होतो. पूर्वी हिरडा आणि हिराकस एकत्र करून शाई करत, ती याच गुणावर. त्यामुळे झाडाच्या सालीने कमावलेले चामडे ओले असताना लोखंडी खिळ्याला, जाळीला किंवा गंजलेल्या स्टँडला टेकवून ठेवले, तर त्यावर निघता न निघणारा काळा डाग पडतो.

मुठीवर चामड्याऐवजी गुंडाळतात तो लिननचा तागा जवसाच्या झाडापासून मिळतो. युरोपात त्याच्या उंच जाती धाग्यासाठी लावतात. भंडाऱ्याकडे तेच जवस तेलासाठी आणि चटणीसाठी पिकते, पुष्कळदा उभ्या धानात उतेरा म्हणून फेकलेले. जवसाच्या तेलाचाही क्यूशी जुना संबंध आहे: स्नूकरच्या उघड्या लाकडी क्यूला हे तेल चोळून लाकूड जपण्याची पद्धत आहे. जवसाचे तेल हवेत हळूहळू घट्ट होऊन थर धरते, म्हणून लाकडाला ते चांगले. नेमक्या त्याच कारणाने चामड्याला ते वाईट. चामड्यात शिरून घट्ट झालेले तेल पुन्हा बाहेर निघत नाही आणि मूठ लाकडी होऊन बसते.

मूठ का घसरते ते आधी ओळखा

घसरणाऱ्या प्रत्येक मुठीचा उपाय एक नसतो. स्वच्छ पांढरे सुती फडके घ्या, पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि चामड्याच्या चार बोटे भागावर हलकेच पुसा. फडक्यावर काळपट-करडा डाग उतरला तर तो मळ आहे. त्यात निळसर झाक असेल तर खडूची पूड मिसळली आहे. चामड्याचाच रंग उतरला तर पुसणे तिथेच थांबवा, कारण रंग कच्चा आहे. काहीच उतरले नाही आणि चामडे तरीही काचेसारखे चकाकत असेल, तर ती चकाकी वापराने घासून आली आहे किंवा कारखान्यातल्या लेपाची आहे.

आता अंगठ्याने दाबून पाहा. अंगठा चिकटून सुटत असेल तर तेल किंवा मेण जास्त झाले आहे. चामडे कागदासारखे वाजत असेल, बारीक भेगा दिसत असतील, तर ते कोरडे पडले आहे. मग नख हलकेच सांध्यावरून फिरवा. चामड्याच्या दोन्ही कडा जिथे मिळतात ती रेघ क्यूच्या लांबीच्या दिशेने जाते. नख अडकले, कड उचलली गेली, तर मळ काढून किंवा तेल लावून काही होणार नाही. गोंद सुटला आहे. खेळताना चामडे लाकडावर थोडे जरी फिरले, तरी हाताची कुठलीच सवय कामाला येत नाही.

साफ करायचे कसे

बहुतेक मुठींना गरज असते ती फक्त साफसफाईची. कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन-चार थेंब पुरतात. कपडे धुण्याचा साबण नको. तो आम्लारी असतो आणि चामडे स्वभावाने किंचित आम्ल असते, म्हणून असा साबण त्याला मानवत नाही. घोड्याच्या जिनासाठी मिळणारा खास साबण असेल तर उत्तम. फडके साबणाच्या पाण्यात भिजवून पुरते पिळायचे. त्यातून थेंब पडता कामा नये, कारण पाणी सांध्यातून आत शिरले तर गोंद सुटतो. लहान लहान वर्तुळे काढत पुसायचे, सांध्यापाशी मात्र सांध्याच्या दिशेनेच. मग साध्या पाण्याच्या पिळलेल्या फडक्याने साबण उतरवायचा आणि कोरड्या फडक्याने टिपायचे.

यानंतर क्यू सावलीत, हवेशीर जागी रात्रभर ठेवायची. ऊन, हीटर, केस वाळवायचे यंत्र यांपैकी काही नको. झटपट वाळणारे चामडे आक्रसते आणि त्याच्या कडा उघडतात.

वाळल्यावर चामडे कोरडे वाटले तरच पोषणाचा विचार करायचा. चामड्यासाठी मिळणारे चांगले कंडिशनर, वाटाण्याएवढे, फडक्यावर घेऊन पूर्ण मुठीवर पातळ चोळायचे, अर्ध्या तासाने उरलेले सगळे पुसून टाकायचे. वर्षातून दोनदा, उन्हाळ्याच्या तोंडाशी आणि दिवाळीनंतर, एवढे पुरते. पावसाळ्यात अजिबात नाही, कारण दमट हवेत चामड्यात ओलावा आधीच जास्त असतो आणि तेलावर बुरशी लवकर धरते. बुरशी दिसलीच तर क्यू घराबाहेर नेऊन कोरड्या मऊ ब्रशने झटकायची, मग वर सांगितल्याप्रमाणे पुसून वाळवायची. क्यूच्या पिशवीत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या एक-दोन पुड्या टाकून ठेवल्या तर बुरशी सहसा लागत नाही.

चकाकीचा उपाय वेगळा. कारखान्यातल्या लेपामुळे नवी मूठ घसरडी लागत असेल तर काही आठवडे नुसते खेळा. लेप हाताने झिजतो आणि पकड आपोआप येते. जुनी मूठ घासून काचेसारखी झाली असेल, आणि तिच्यावर रंगाचा लेप नसून चामडे उघडे असेल, तर सर्वांत बारीक पॉलिश पेपरचे दोन-तीन हलके हात चामड्याचे तंतू पुन्हा थोडे उभे करतात. लेप असलेल्या किंवा ठसे उठवलेल्या चामड्यावर हा प्रयोग करू नये. लेप ठिकठिकाणी उडतो आणि मूठ डागाळते. खरखरीत सुएड प्रकारच्या मुठीला पितळी तारांचा मऊ ब्रश पुरतो.

काय लावू नये

टाल्कम पावडर टेबलावर टेकलेल्या पुढच्या हातासाठी असते. तिथे क्यू बोटांवरून सरकायला हवी म्हणून ती लावतात. तीच पावडर मागच्या मुठीला लावणे म्हणजे मुद्दाम घसरण आणणे. क्यूचा खडूही मुठीसाठी नाही; घामात मिसळून त्याचा निळा लगदा होतो. राळ लावली तर एक-दोन डाव पकड जबरदस्त वाटते, मग धूळ बसून मूठ चिकट आणि काळी होते. बुटाच्या पॉलिशमध्ये रंग आणि मेण असते: रंग हाताला, मेण घसरणीला. खोबरेल तेल आत मुरते आणि उन्हाळ्यात पुन्हा वर येते. रॉकेल, थिनर आणि स्पिरिट मळाबरोबर चामड्यातली मूळ चरबी व रंगही काढून नेतात.

घाम खूप येणाऱ्यांसाठी सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे खांद्यावर एक सुती दुपट्टा. प्रत्येक खेळीआधी हात आणि मूठ दोन्ही पुसायची. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करून टेबलापाशी आले तरी अर्धे काम होते. पातळ हातमोजाही चालतो, पण सवय होईपर्यंत मूठ परकी वाटते.

नवे चामडे चढवताना

कडा सुटल्या असतील किंवा चामडे फाटले असेल तर ते बदलावेच लागते. हे काम चामड्यावर रोज हात चालणाऱ्या कारागिराकडून करून घेणे चांगले. चर्मकाराकडे रापी असते, चामडे पातळ तासण्याचा सराव असतो आणि कडा जुळवण्याची नजर असते. त्याला क्यूची माहिती नसली, तरी पुढच्या गोष्टी सांगितल्या की तो हे काम नीट करतो.

मुठीच्या जागी लाकडाला एक उथळ खाच असते आणि तिची खोली चामड्याच्या जाडीएवढी असते. म्हणून नवे चामडे जुन्याएवढ्याच जाडीचे हवे, साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहून थोडे कमी. जाड घेतले तर कडा लाकडाच्या वर येतात आणि प्रत्येक खेळीला हाताला लागतात. आपल्याकडे म्हशीचे आणि शेळीचे चामडे सहज मिळते. शेळीचे चामडे पातळ, मऊ आणि दाणेदार असते, म्हणून मुठीला ते छान बसते. म्हशीचे जाड असते, ते तासावे लागते.

दुसरी गोष्ट आकाराची. क्यू टोकाकडे निमुळती होत जाते, म्हणून मुठीच्या दोन टोकांचा घेर सारखा नसतो. मागचा घेर पुढच्यापेक्षा जवळजवळ एक सेंटिमीटरने मोठा भरू शकतो. चौकोनी पट्टी कापली तर सांधा तिरका जातो. आधी कागद गुंडाळून नमुना कापायचा आणि तो चामड्यावर ठेवायचा.

जुने चामडे सांध्यावरून चिरून, किंचित गरम करून ओढले की सुटते. खालचा गोंद खरवडून लाकूड स्वच्छ करायचे. नवे चामडे झाडाच्या सालीने कमावलेले असेल तर ते पाण्याने थोडे ओलसर करायचे. ओलसर चामडे ताणले जाते, लाकडावर बेतल्यासारखे बसते आणि वाळताना आक्रसून आणखी घट्ट होते. गोंद लावताना लाकडाला आणि चामड्याला दोन्हीकडे पातळ थर लावायचा, मधोमध नाही तर एका कडेपासून सुरुवात करून हवा बाहेर ढकलत चामडे दाबत न्यायचे. कडा एकमेकींवर चढवायच्या नाहीत, समोरासमोर भिडवायच्या. शेवटी गुळगुळीत लाकडी पट्टीने सांध्यावरून दाब देत राहायचे, म्हणजे रेघ बोटाला लागत नाही. रात्रभर वाळू दिल्याशिवाय क्यू हातात घ्यायची नाही. आणि भंडाऱ्यात हे काम भर पावसाळ्यात करू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या, सौम्य हवेत चामडे सावकाश आणि सारखे वाळते.

पकड कशासाठी

एवढे सगळे केल्यावर मूठ हाताला चिकटलेली वाटेल, अशी अपेक्षा ठेवू नका. क्यूचा तोल साधारण मागच्या टोकापासून ४५ सेंटिमीटरवर असतो. त्याच्या थोडे मागे, कोपरापासूनचा हात सरळ खाली लोंबत असेल अशा जागी, अंगठा आणि पहिली दोन बोटे क्यूला नुसती वेढतात. बाकीची बोटे टेकतात, दाबत नाहीत. ब्रेकच्या वेळी दाब थोडा वाढतो, तोही आपोआप. चांगले चामडे मुठीची ताकद वाढवत नाही. ते मुठीला ताकद लावायची गरजच ठेवत नाही.

म्हणून खर्चाचा क्रम सरळ आहे. आधी हात धुवा, मग चामडे पुसा, फारच कोरडे वाटले तर थोडे पोषण द्या, आणि सांधा सुटला असेल तरच नवे वेष्टन चढवा. जूनमध्ये मूठ घसरू लागली म्हणून लगेच नवी क्यू घेण्याआधी कूलरमधले पाणी बंद करून एक डाव खेळून पाहा.